विंचू चावला की शरीरात काय घडते? मज्जातंतूंच्या संदेशांची ओळख

नोव्हेंबर उजाडला की संयुक्त अरब अमिरातीत वाळवंटात तंबू ठोकण्याचा हंगाम सुरू होतो. दुबई, शारजा, अबू धाबी येथील मराठी कुटुंबेही आठवड्याच्या सुट्टीत अल् कुद्राच्या वाळूत किंवा हत्ताच्या डोंगरात मुक्कामाला जातात. सकाळी मुले बुटांत पाय घालू लागली की कोणी ना कोणी वडीलधारे हटकतेच, ‘आधी बूट झटकून घे!’ कोकणातल्या आजीनेही हेच सांगितले असते. दोन्हीकडे कारण एकच आहे, विंचू.

विंचवाची नांगी लागते ती पायाच्या बोटाला. विष आत जाते ते एका थेंबाहूनही कमी. तरीही काही वेळाने कपाळावर घाम फुटतो, उलटी होते, छाती धडधडू लागते, हात-पाय गार पडतात. संत एकनाथांनी सोळाव्या शतकात विंचवावर भारूड रचले. त्यातला विंचू काम-क्रोधाचा आहे, परंतु विंचू चावलेल्या माणसाच्या अंगाला घाम येतो हा तपशील मात्र त्यांनी अचूक टिपला आहे. बोटाला झालेल्या दंशाचा कपाळावरच्या घामाशी संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपले शरीर निरोप कसे पाठवते, हे सगळेच उलगडत जाते.

निरोप नेणारी पेशी

प्रथम शब्दांविषयी थोडे. घरातील मोठी माणसे ‘मज्जातंतू’ म्हणतात, महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘चेतापेशी’ असते, विश्वकोशात ‘तंत्रिका’ आढळते आणि येथील शाळांतील मुले ‘न्यूरॉन’ शिकतात. शब्दांच्या छटा थोड्या वेगळ्या असल्या तरी विषय एकच आहे. निरोप नेणारी एक पेशी म्हणजे चेतापेशी आणि अशा अनेक पेशींच्या लांब धाग्यांची जुडी म्हणजे मज्जातंतू.

चेतापेशीला मुळांसारख्या फांद्या असतात. त्यांवर निरोप येऊन पडतो. पेशीतून निघालेला एक लांब धागा तो निरोप पुढे नेतो. या धाग्याला अक्षतंतू म्हणतात. मोठ्या माणसाच्या कमरेजवळून पायाच्या बोटापर्यंत जाणारा असा एकच धागा सुमारे एक मीटर लांब असू शकतो, आणि तो एकाच पेशीचा भाग असतो. मानवी मेंदूत अशा सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी पेशी आहेत.

या धाग्यातून नेमके काय धावते? ‘वीज’ असे उत्तर बहुतेकांना ठाऊक असते. ते खरे आहे, पण अर्धेच. घरातील तारेतून वीज वाहते तशी ती मज्जातंतूतून वाहत नाही. येथे वीज तयार होते ती मिठातून.

मिठाचे दरवाजे

शरीरातील पाणी खारट असते, हे घाम किंवा अश्रू जिभेला लागले की कळते. त्या पाण्यात सोडियम आणि पोटॅशियम या दोन क्षारांचे सूक्ष्म कण असतात. सोडियम मिठात असते. पोटॅशियम केळ्यात आणि खजुरात भरपूर असते. हे कण विद्युतभारित असतात. चेतापेशीच्या बाहेर सोडियम जास्त, तर आत पोटॅशियम जास्त, अशी मांडणी असते. ती आपोआप टिकत नाही. पेशीच्या आवरणातील सूक्ष्म पंप अविरत काम करतो. तो प्रत्येक फेरीत सोडियमचे तीन कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे दोन कण आत घेतो. याचा परिणाम म्हणून पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत किंचित ऋण राहते. हा फरक सुमारे ७० मिलिव्होल्टचा असतो. रिमोटमधील साधा सेल दीड व्होल्टचा असतो, म्हणजे या फरकाच्या वीसपटींहून अधिक.

पेशीच्या आवरणात दरवाजे असतात. काही केवळ सोडियमसाठी, काही केवळ पोटॅशियमसाठी. एरवी सोडियमचे दरवाजे बंद असतात. त्वचेवर काही टोचले की त्या ठिकाणच्या टोकाशी विजेचा हा फरक थोडा कमी होतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे कमी झाला की सोडियमचे दरवाजे एकदम उघडतात. बाहेर ताटकळलेले सोडियम आत घुसते आणि आतली बाजू क्षणभर धन होते. लगेच सोडियमचे दरवाजे मिटतात, पोटॅशियमचे उघडतात, पोटॅशियम बाहेर जाते आणि पूर्वस्थिती येते. या साऱ्याला सेकंदाचा सुमारे हजारावा भाग लागतो.

हा झाला एका जागेचा खेळ. निरोप पुढे कसा सरकतो? शारजाच्या क्रिकेट मैदानातील प्रेक्षकांची लाट आठवावी. एक रांग उठते आणि बसते, ते पाहून शेजारची उठते आणि बसते, आणि लाट मैदानाला वळसा घालते. (याच मैदानावर एप्रिल १९९८ मध्ये वाळूचे वादळ आले आणि सचिन तेंडुलकरने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन दिवसांत दोन शतके ठोकली. तेव्हाच्या लाटांविषयी घरातील मोठ्यांना विचारावे.) लाटेत कोणीही प्रेक्षक आपली खुर्ची सोडून धावत नाही. मज्जातंतूतही सोडियमचा कण पायापासून डोक्यापर्यंत प्रवास करीत नाही. एका जागेचे दरवाजे उघडले की शेजारच्या जागेचा विद्युत फरक कमी होतो, म्हणून तिथले दरवाजे उघडतात, मग त्यापुढचे. नुकताच मिटलेला दरवाजा काही क्षण पुन्हा उघडत नाही, त्यामुळे लाट मागे फिरत नाही.

या लाटेची उंची नेहमी सारखीच असते. हळू स्पर्शाची लाट लहान आणि जोरदार फटक्याची मोठी, असे नसते. दरवाजे एक तर उघडतात, नाही तर नाही. मग मेंदूला जोर कसा कळतो? लाटा किती दाट येतात यावरून. सौम्य स्पर्शाने सेकंदाला थोड्या लाटा येतात, जोराच्या फटक्याने कितीतरी अधिक. दार ठोठावणाऱ्याची घाई आपण ठोक्यांच्या वेगावरून ओळखतो, तसेच हे.

ही सारी यंत्रणा उलगडली ती एका समुद्री प्राण्यामुळे. स्क्विडच्या शरीरात एक अक्षतंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्यात तार घालून ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मोजमापे केली आणि १९५२ मध्ये या लाटेचे गणित मांडले. १९६३ च्या नोबेल पुरस्काराचे ते मानकरी ठरले.

एका ठेचेच्या दोन वेदना

मज्जातंतूंचा वेग मोजताच येणार नाही, असे एकोणिसाव्या शतकातील मोठमोठे शास्त्रज्ञ समजत. १८५० मध्ये जर्मनीच्या हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखवला. तो भरला सेकंदाला सुमारे २७ मीटर. अनेकांच्या अपेक्षेपेक्षा तो पुष्कळच कमी होता.

माणसात सर्व मज्जातंतूंचा वेग सारखा नसतो. काही धाग्यांभोवती मेदाचे वेष्टन असते आणि त्यात ठरावीक अंतरावर उघड्या जागा असतात. तेथे लाट सलग न सरकता एका उघड्या जागेवरून दुसरीवर उडी मारीत जाते. अशा जाड, वेष्टित धाग्यांत वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत पोहोचतो. तो ताशी सुमारे ४३० किलोमीटर होतो. अबू धाबीतील ‘फॉर्म्युला रोसा’ हा प्रसिद्ध रोलरकोस्टर ताशी २४० किलोमीटर वेगाने धावतो. याउलट वेष्टन नसलेल्या बारीक धाग्यांतून निरोप सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो. म्हणजे चालणारा माणूसही त्याला मागे टाकेल.

पायाच्या करंगळीला पलंगाचा पाय लागला की याचा अनुभव प्रत्येकाला येतो. आधी एक तीक्ष्ण कळ उठते, मग क्षणभर शांतता, आणि नंतर ठणका सुरू होतो. बारीक वेष्टन असलेल्या धाग्यांनी पहिली बातमी आणलेली असते, दुसरी त्या मंद, उघड्या धाग्यांनी. मार तोच, टपाल दोन गाड्यांनी आलेले.

पाय मात्र कळ जाणवण्याआधीच मागे घेतला जातो. जुलैमध्ये जुमेराच्या तापलेल्या वाळूवर अनवाणी पाऊल पडले की ते आपोआप उचलले जाते. हा निर्णय मेंदूचा नसतो. निरोप पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूत पोहोचताच तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते. मेंदूला प्रत त्यानंतर मिळते. हिला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

त्वचेला चटका कळतो कसा, याचे उत्तरही दरवाजांतच आहे. वेदना नेणाऱ्या धाग्यांच्या टोकांशी असा एक दरवाजा असतो, जो सुमारे ४३ अंश सेल्सिअसला उघडतो. मिरचीतील तिखट द्रव्यही नेमका हाच दरवाजा उघडते. म्हणून ठेचा खाल्ल्यावर तोंड ‘भाजले’ असे आपण म्हणतो. ते अलंकारिक बोलणे नसून मेंदूला खरोखर तीच बातमी मिळालेली असते. हा दरवाजा शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि स्पर्शाचे दरवाजे शोधणारे, लेबनॉनमधील बैरूत येथे जन्मलेले आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल पुरस्कार विभागून मिळाला.

दोन पेशींमधली फट

लाट धाग्याच्या टोकाला पोहोचली की तिच्यासमोर फट येते. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्या फटीला पाठ्यपुस्तकात संपर्कस्थान म्हणतात. तिची रुंदी मिलिमीटरच्या लाखाव्या भागाच्या दोन-चार पटी एवढीच असते, पण विजेची लाट बहुतेक वेळा ती ओलांडू शकत नाही. येथे निरोपाला रूप बदलावे लागते. धाग्याच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. लाट येताच त्या फुटतात, रसायन फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना जाऊन लागते. ग्राही म्हणजे जणू कुलूप आणि रसायन म्हणजे किल्ली. कुलूप उघडले की पलीकडे नवी लाट सुरू होते, किंवा स्नायू आकुंचन पावतो, किंवा घाम सुटतो.

हे सिद्ध करणाऱ्या प्रयोगाची कल्पना ऑटो लोवी यांना १९२१ मध्ये झोपेत सुचली, अशी त्यांनीच सांगितलेली हकीकत आहे. त्यांनी बेडकाच्या एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याचे ठोके मंदावले आणि त्याभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसऱ्या हृदयाला मज्जातंतूचा धक्का दिलाच नव्हता, तरी तेही मंदावले. निरोप पाण्यात उतरला होता.

शरीरात अशी अनेक रसायने आहेत. येथे दोनच लक्षात ठेवावीत. ॲसिटिलकोलीन हाता-पायांच्या स्नायूंना हलवते. नॉरॲड्रेनलिन संकटकाळी कामाला येते. ते हृदयाचे ठोके वाढवते आणि रक्तवाहिन्या आवळते. मागे कुत्रा लागला की पळायला जे बळ येते, त्यात याचा वाटा असतो.

महाडचा लाल विंचू

आता पायाच्या बोटाकडे परत येता येईल.

कोकणात मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असते, पण जिवावर उठतो तो तिच्याहून लहान असा लाल विंचू. त्याच्या विषातील काही घटक थेट सोडियमच्या दरवाजांना जाऊन चिकटतात आणि उघडलेला दरवाजा वेळेवर मिटू देत नाहीत. मैदानातील लाटेत उठलेला प्रेक्षक खाली बसलाच नाही, उलट पुन्हा पुन्हा उठू लागला, तर शेजाऱ्यांचेही बसणे अशक्य होते. मज्जातंतूंचे तसेच होते. ज्या निरोपाला कारणच नाही, तो अखंड सुटत राहतो. घामाच्या ग्रंथींना निरोप जातो, म्हणून कपाळावर घाम. पोटाला जातो, म्हणून उलटी. आणि नॉरॲड्रेनलिन व त्याचे भावंड ॲड्रेनलिन यांचा अक्षरशः पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हात-पाय गार पडतात, रक्तदाब चढतो. आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साठते. मृत्यू होतो तो यामुळे, आणि त्यात लहान मुलांना धोका सर्वाधिक. सुरुवातीला वेदना कमी आहे म्हणून धोका कमी, असा हिशेब येथे चालत नाही.

ही साखळी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून समजून घेणारे डॉक्टर म्हणजे हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आले. विंचू चावला की लोक मांत्रिकाकडे जात. जे दवाखान्यात येत, त्यांच्यासाठीही वेदनाशामकांपलीकडे फारसे काही नव्हते. बावस्करांनी रुग्णांची नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचे तापमान तासागणिक नोंदवायला सुरुवात केली. धोक्याची पूर्वचिन्हे सांगणारा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. पुढे त्यांनी महाडमध्येच रुग्णालय थाटले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्रॅझोसिन या औषधाविषयी लिहिले.

प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी. ती काय करते, हे आता सहज समजेल. सोडियमचे बिघडलेले दरवाजे ती दुरुस्त करीत नाही. फटीतील रसायनही कमी करीत नाही. ती रक्तवाहिन्यांवरील कुलपांत आधीच जाऊन बसते, त्यामुळे नॉरॲड्रेनलिनच्या किल्लीला जागा उरत नाही. निरोप्या दारात ओरडत राहतो, पण ऐकणाऱ्याने कानांत बोळे घातलेले असतात. रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. गंभीर रुग्णांत पूर्वी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचारानंतर एक टक्क्याच्या आसपास आले, असे बावस्करांनी प्रसिद्ध केलेली आकडेवारी सांगते.

पुढे मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविषाची लसही तयार होऊ लागली. लस विषालाच निकामी करते. गोळीसोबत लस दिल्यास रुग्ण केवळ गोळीपेक्षा लवकर बरा होतो, हे बावस्कर दांपत्याने महाडमध्ये केलेल्या चाचणीत दिसले आणि २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ती प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री जाहीर झाली. तालुक्याच्या गावातून झालेले हे संशोधन मराठी शाळांच्या विज्ञानाच्या पुस्तकांत मानाने असायला हवे.

दरवाजा मिटला तर, फट तुटली तर

विंचू दरवाजा उघडा ठेवतो. दाताचे डॉक्टर नेमके उलट करतात. दात काढण्यापूर्वी ते हिरडीत जे इंजेक्शन देतात, त्यातील लिग्नोकेन सोडियमचे दरवाजे उघडूच देत नाही. दातावर औजार चालत असते, पण लाट सुरूच होत नाही, म्हणून मेंदूला बातमीच नसते. ओठ ‘जाड’ वाटतो, पाणी पिताना ओघळते. तास-दोन तासांनी औषध ओसरते आणि दरवाजे पूर्ववत होतात.

मण्यार हा साप तिसरीच जागा गाठतो. त्याच्या विषाचा मुख्य आघात धाग्यावर नसून मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधील फटीवर होतो. लाट टोकापर्यंत नीट पोहोचते, पण तेथून ॲसिटिलकोलीनचा निरोप पुढे जात नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश फारसा दुखतही नाही. पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि अखेरीस श्वासाचे स्नायू थांबतात. माणूस शुद्धीवर असतो, पण हाक देऊ शकत नाही. अशा रुग्णाला सर्पविषावरील लस देतात, आणि फटीवरील व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत श्वासाचे काम यंत्राकडे सोपवतात.

अमिरातीत आणि गावी

अमिरातीतही विंचवांच्या अनेक जाती आहेत. त्यांतील जाड शेपटीचा काळा विंचू विशेष विषारी मानला जातो. म्हणजे कोकणात लाल घातक, येथे काळा. रंगावरून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

दंश झाल्यास मुलाने लपवून न ठेवता लगेच मोठ्यांना सांगावे. जखम चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. चावलेला अवयव शक्यतो हलवू नये आणि तडक रुग्णालय गाठावे. घाम, उलटी, गार पडलेले हात-पाय किंवा दम लागणे यांपैकी काही दिसल्यास क्षणही दवडू नये. प्रॅझोसिन घरी देण्याचे औषध नव्हे. रक्तदाब पाहून ते डॉक्टरांनीच द्यायचे असते. रुग्णवाहिकेसाठी अमिरातीत ९९८ आणि महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरवावा.

विंचू दिवसा दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, बुटात किंवा अंथरुणाच्या घडीत दडतो आणि रात्री बाहेर पडतो. त्याच्या कवचाचा एक गुण तंबूवाल्यांच्या उपयोगी पडतो. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. अंधारात वाळूवर तो टॉर्च फिरवला की जो दगड वाटत होता तोच एकाएकी उजळतो. मुलांनी हे मोठ्यांसोबतच, बंद बूट घालून आणि दुरूनच पाहावे.